चौदा बँडांची पाहणी

“सर, तुम्ही आजपर्यंत काय इकलं?”

प्रश्न तिसऱ्या बाकावरून आला. नरहर पांढरीपांडे फळ्याकडे तोंड करून ‘ग्राहकाची गरज ओळखण्याच्या पायऱ्या’ लिहीत होता. तिसरी पायरी नुकती लिहून झाली होती. त्याने वळून पाहिलं. वैष्णवी उभी होती. बाभुळगावहून एस.टी.ने येणारी, दोन घट्ट वेण्या घालणारी, आवाज बरा पण सुराला धार नसलेली मुलगी. तिच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. “ज्ञान,” तो म्हणाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. ती हसली नाही. मान हलवून खाली बसली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. बहुधा ‘ज्ञान’ असंच लिहिलं असावं, कारण सांगितलेलं सगळं लिहून घ्यायची या पोरांना सवय होती. तो खोकला तर तोही लिहून घेतील, असं तो स्टाफरूममध्ये नेहमी म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही.

तास सुटल्यावर तो पायीच घरी निघाला. जानेवारीचं ऊन कोरडं होतं. चौकात दिल्लीच्या कुठल्याशा वाहिनीची गाडी छत्री उघडून उभी होती आणि एक गोरीपान मुलगी पानठेल्यावाल्याला कापसाबद्दल विचारत होती. त्या वर्षांत यवतमाळला पाहुण्यांची कमी नव्हती. कापूस पडला होता, बियाणं फसलं होतं, गावोगाव नको ते घडत होतं, आणि त्यावर बोलायला रोज कुणी ना कुणी आगगाडीने बडनेऱ्यापर्यंत आणि पुढे जीपने येत होतं. लॉजवाल्यांना खोल्या पुरत नव्हत्या. संकटातून उभ्या राहिलेल्या धंद्याचं एवढं एकच उदाहरण जिल्ह्यात आपल्याला देता येईल, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पानठेलेवाला कॅमेऱ्यासमोर केस सारखे करत होता. नरहरला त्या मुलीची कीव आली नाही, पानठेलेवाल्याचीही आली नाही. कीव करायला समोरचा माणूस निदान आपल्या उंचीचा वाटावा लागतो, आणि या गावात तसं कुणी भेटण्याची आशा त्याने फार पूर्वीच सोडली होती. काय विकलं म्हणे. हिचा बाप बाभुळगावात वरातीपुढे क्लारनेट फुंकतो आणि ही विचारते काय विकलं.

विकलं नव्हतं, हे खरं होतं. नागपूरला गुरुजींच्या माडीवर अकरा वर्षं तो शिकला. तंबोऱ्याची जवारी, गुरुजींच्या पानातल्या काताचा वास, खाली गल्लीत पडणारं नळाचं पाणी, हे सगळं अजून त्याच्या नाकाकानात होतं. मग एकदाच, पुसदला, गणपतीत, त्याचं जाहीर गाणं ठरलं. विलंबित लय धरून तो डोळे मिटून बसला असताना मंडळाच्या कार्यकर्त्याने त्याच्यासमोरचाच माईक उचलला आणि वाटेत लावलेली पांढरी स्कूटर कुणाची आहे ते विचारलं. स्कूटरवाला उठला, त्याच्याबरोबर त्याची बायकामुलं उठली, आणि उठायला निमित्त शोधत असलेली निम्मी मंडळीही उठली. नरहरने बारा मिनिटांत गाणं आटोपलं. त्यानंतर तो लोकांसमोर गायला नाही. आपण नाही म्हणालो, असं तो सांगे. नाही म्हणायला कुणी विचारलंच नव्हतं, हे फक्त बायकोला, शोभाला, माहीत होतं, आणि तिने ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. तिच्या या न बोलण्याचाही त्याला कधी कधी राग येई.

महाविद्यालयात तो संगीत शिकवू लागला तेव्हा वर्गात तेरा मुलं होती. पुढे तीन राहिली. विभाग बंद पडणार अशी वेळ आली तेव्हा त्या वेळच्या प्राचार्यांनी विद्यापीठाकडून एक नवा अभ्यासक्रम मंजूर करून आणला : संगीत व्यवसाय व उद्योजकता. नरहर आधी हसला. नंतर नोकरीचा विचार करून विभागप्रमुख झाला. शोभाच्या भावाने अमेरिकेतून एक जाड पुस्तक पाठवलं, त्यावरून त्याने टिपणं काढली. कलावंताचा प्रतिनिधी, दौऱ्याचं नियोजन, ध्वनिमुद्रणाचे हक्क, प्रसिद्धीचा आराखडा. ज्या गावात तिकीट काढून गाणं ऐकायला माणसं कधी गेली तेच कुणाला आठवत नव्हतं, त्या गावात त्याने नऊ वर्षं हे शिकवलं. त्याच्या हाताखालून गेलेल्यांपैकी एकजण मोबाईलचं दुकान चालवत होता, दोघं पोलिसात लागले होते, एक मुलगी पुसदला संसार करत होती आणि आरतीसुद्धा म्हणत नव्हती. रस्त्यात ही माणसं त्याच्या पाया पडत. तो त्यांची नावं विसरलेला असे, आणि विसरल्याचं त्याला मनातून समाधान वाटे.

वैष्णवीने डिसेंबरातच आपला प्रकल्प दिला होता. प्रत्येकाने एका सांगीतिक व्यवसायाचा अभ्यास करून वीस पानं लिहायची, असा नियम होता. बाकीच्यांनी एका प्रसिद्ध कॅसेट कंपनीवर एकमेकांचं पाहून लिहिलं. वैष्णवीने बाभुळगाव, कळंब आणि आसपासच्या चौदा बँडपार्ट्यांवर त्रेसष्ट पानं लिहिली. त्यात तिच्या बापाचा ‘न्यू मारोतराव ब्रास बँड’ही होता. जुना मारोतराव ब्रास बँड कधी अस्तित्वातच नव्हता, हे वाचून नरहर खो खो हसला होता. कापूस पडल्यापासून लग्नं कशी आटली, कुठल्या बँडात किती माणसं उरली, गेली ती कुठे गेली, हे तिने घरोघर जाऊन विचारलं होतं आणि पट्टीने आखलेल्या तक्त्यांत भरलं होतं. शेवटी तिने लिहिलं होतं की, कापसावरच्या गावांतली लग्नं धरून बसलं तर सगळेच बँड मरतील. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, तिथे महिन्याला पगार होतो, तिथली लग्नं थांबलेली नाहीत. मुकुटबनच्या पुढे नदीपलीकडे आंध्रातही लग्नं जोरात होतात. चार चार बँडांनी एक होऊन, एकच गणवेश करून, त्या बाजूला जावं. नरहरने वर लाल शाईने लिहिलं : ‘भाषा अत्यंत अशुद्ध. संदर्भग्रंथ नाहीत. बँड हा संगीताचा प्रकार नव्हे.’ आणि पन्नासपैकी एकोणीस गुण दिले. पास व्हायला वीस लागत.

फेब्रुवारीत कॉलेजने चर्चासत्र ठरवलं. जो तो संकटावर चर्चासत्र घेत होता, मग आपण का नाही, असं नव्या प्राचार्यांचं म्हणणं. विषय ‘संकटकाळातील कला-उद्योजकता’. “पांढरीपांडे, तुम्ही निमंत्रक,” प्राचार्य म्हणाले. “आणि तुमचा निबंध पाहिजेच. विद्यापीठाची माणसं येणार आहेत. तुमच्या कोर्सची मुदत जूनमध्ये संपून राहिली आहे, माहीत आहे ना? काही दाखवलं नाही तर बंद. मग तुम्ही रिटायर होईपर्यंतची दोन वर्षं काय लायब्ररीत बसणार?” त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली देवांच्या तसबिरी आणि रेल्वेचं वेळापत्रक एकत्र ठेवलेलं होतं. नरहर त्या वेळापत्रकाकडे बघत होता. या माणसाला यमन आणि यवन यांतला फरक कळत नाही, असं तो मनाशी म्हणाला, आणि मोठ्याने म्हणाला, “हो सर, करतो ना.”

चार दिवस तो जाड पुस्तक घेऊन बसला. त्यातली माणसं विमानाने हिंडत होती, वकिलांशी बोलत होती. त्यांचं आणि कळंबच्या कापसाचं काही केल्या जुळेना. पाचव्या दिवशी कपाटातून वैष्णवीची त्रेसष्ट पानं काढली ती केवळ एक दोन आकडे घेण्यासाठी. आकडे घेतले. मग तक्ते घेतले. मग एके ठिकाणी तिने ‘बजवनारे’ लिहिलं होतं, ते त्याने ‘वादक’ केलं. ‘लगन’चं ‘विवाहसमारंभ’ केलं. वाक्य सरळ करावं, ऱ्हस्वदीर्घ सुधारावं, एखादा जड शब्द टाकावा, असं करता करता दुपार गेली, आणि हळूहळू तो मजकूर आपलाच आहे असं त्याला वाटू लागलं. कच्चा माल तिचा, घडण आपली. दगड काय नदीत कितीही पडलेले असतात. शोभा चहा घेऊन आली. “पुष्कळ लिहिलंत की आज,” ती म्हणाली. कित्येक वर्षांत तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. तो खरोखर खूश झाला, आणि खूश झाल्याची त्याला मुळीच लाज वाटली नाही.

चर्चासत्राच्या दिवशी पाहुण्यांच्या स्वागताला बँड हवा होता. कार्यालयातल्या शंकरसिंगने परस्पर न्यू मारोतराव ब्रास बँडला सांगून टाकलं. नरहर फाटकाशी पोचला तेव्हा लाल कोटातली सात माणसं वाजवत होती. पुढे क्लारनेट घेतलेला, पिकल्या मिशांचा, गालाच्या खोबणी झालेला माणूस होता. ही सुरावट त्याने कुठून उचलली कोण जाणे, पण पूर्वांगातून उत्तरांगात जाताना तो माणूस एक स्वर असा वाकवून घेत होता की नरहर क्षणभर जागच्या जागी थांबला. माडीवर गुरुजींनी एक सबंध पावसाळा तो स्वर त्याच्याकडून घोटून घेतला होता आणि त्याला तो आला नव्हता. मग ताशा कडाडला, पाहुण्यांच्या गाड्या आल्या, आणि वरातीतला योगायोग, असं म्हणून तो आत गेला. वैष्णवी दारात गुलाबाची फुलं देत उभी होती. “सर, ते बाबा,” ती म्हणाली. “हं,” तो म्हणाला, आणि फूल न घेताच पुढे गेला.

त्याने निबंध चांगला वाचला. आवाज तर त्याचा होताच. चौदा बँडपार्ट्यांची नावं त्याने थोडं हसू आणून वाचली तेव्हा सभागृहही हसलं. मग आकडे आले तसतसं हसू थांबलं. विद्यापीठाचे दोघं लिहून घेऊ लागले. मधेच त्याची नजर वर गेली. शेवटच्या रांगेत लाल कोट बसले होते, त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून वैष्णवी उभी होती. ती पापणी न हलवता ऐकत होती. तिचे ओठ किंचित हलत होते. तो वाक्य उच्चारायच्या आधीच ते तिच्या ओठांवर होतं, फक्त जिथे त्याने शब्द बदलला होता तिथे ते अडखळत होते. त्याच्या मानेवरून घामाची एक धार कॉलरमध्ये उतरली. वाचत राहणं भाग होतं. खोटं बोलताना आवाज कापतो असं म्हणतात, त्याचा मात्र कापत नव्हता, उलट जास्तच गोल लागत होता. वणीच्या खाणींपाशी आला तेव्हा टाळ्या पडल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मूर्ख लेकाचे, असं त्याला वाटलं. टाळ्या वाजवतायत म्हणून मूर्ख, की कुणासाठी वाजवतायत ते कळत नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही नीट ठरवता आलं नाही.

मग मुंबईहून आलेल्या आभा नावाच्या संशोधक बाईंनी हात वर केला. “सर, तुमच्या तक्त्यात तीन वर्षांत फुंकून वाजवायची वाद्यं कमी होत गेलीत आणि ताशे वाढलेत. असं का झालं? लोकांची आवड बदलली का?” तक्ता त्याने तीनदा उतरवला होता, पण ही गोष्ट त्याच्या लक्षातच आली नव्हती. “अं, आवड,” तो म्हणाला, “चित्रपटांचा प्रभाव, म्हणजे एकूणच अभिरुचीचा जो ऱ्हास...” “पण मग तो याच तालुक्यात आणि याच वर्षांत का?” बाई नम्रपणे म्हणाल्या. त्याने पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. पंख्याचा आवाज मोठा झाला. विद्यापीठाच्या माणसाने लेखणी थांबवून वर पाहिलं. आता ती बोलेल, असं नरहरच्या मनात आलं. आता ती सगळ्यांदेखत बोलेल, आणि बोलायलाच हवं.

ती बोललीच. “सरांनी आम्हाला वर्गात सांगितलं होतं,” भिंतीपासून पुढे येत ती म्हणाली. शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती. “फुंकणारे पहिले गेले. म्हणजे पुण्याले, हैदराबादले, कामाले गेले. एक वर्ष ईटा वाहल्या का दम जाते, ओठ फाटते. मग परत आला तरी त्याच्यानं क्लारनेट वाजत नाही. आन् नवा फुंकणारा तयार व्हायले दोन वर्षं लागते. ताशेवाला आठ दिवसात होते. म्हणून ताशे वाढले. लोकायची आवड नाही बदलली, मॅडम. लोकं अजून क्लारनेटच मागते.” मग तिने व्यासपीठाकडे पाहिलं. “असं सरांनी सांगितलं होतं.” सभागृह त्याच्याकडे पाहू लागलं. आभाबाईंनी कौतुकाने मान डोलावली. “अगदी बरोबर,” नरहर म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला हार्मोनियमच्या खोलीशी गाठलं. तिने ओरड केली असती तर तो तिच्यावर तुटून पडला असता, तुझी भाषा, तुझे संदर्भ, सगळं तयार होतं. हे असं वाचवणं त्याला कळत नव्हतं. “काय पाहिजे तुला?” तो म्हणाला. “गुण वाढवून पाहिजेत? स्पष्ट सांग.”

“नाई सर.”

“मग कशाला केलंस हे?”

तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “बाबा मांगं बसले होते,” ती म्हणाली. “ते पह्यल्यांदा कॉलेजात आलते. घरी सगळ्याइले सांगत राह्यते, माही पोरगी ज्याच्यापाशी शिकते तो लई मोठा माणूस आहे म्हणून. त्याइच्या समोर तुमची फजिती झाली असती, तर त्याइले वाटलं असतं का तीन वर्षं पोरीले कायले धाडलं.” ती हे रडत म्हणाली असती तरी चाललं असतं. ती अगदी साधं, बसची वेळ सांगावी तसं सांगत होती. “तुमच्यासाठी नाई केलं, सर.”

तेवढ्यात तिचा बाप, मारोतराव, स्वतःच तिथे आला. क्लारनेट काखेत, हातात निबंधाची छापील प्रत. बाहेर टेबलावर पाहुण्यांसाठी अशा प्रती ठेवलेल्या होत्या. त्याने वाकून नरहरच्या पायांना हात लावला. “सर, लई मानानं नाव घेतलं आमचं. एवढ्या मोठ्या हालमधी.” मग पहिलं पान त्याने डोळ्यांपासून लांब धरलं, बोट लावून एकेक अक्षर वाचलं, दुसरं पान पाहिलं, पुन्हा पहिल्यावर आला. “वैष्णवीचं नाव कुठं हाये, सर? थे घरोघरी फिरली ना, म्हणून म्हनलं.”

वैष्णवी खाली पाहत होती. “छपाईत राहिलं,” नरहर म्हणाला.

“राह्यते,” मारोतराव लगेच म्हणाला, जणू चूक त्याचीच होती. “लग्नाच्या पत्रिकेत सगळ्याइचे नावं असते, पार मामाच्या जावयाचं बी. बँडवाल्याचं राह्यतेच. तुम्ही मनाले लावून घेऊ नका.” त्याने प्रतीची नीट घडी घातली आणि लाल कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्यांना तीनची एस.टी. धरायची होती, संध्याकाळी कळंबला लग्न होतं. वैष्णवीने नमस्कार केला. दोघं पायऱ्या उतरून गेली, मागून सहा लाल कोट गेले, आणि नरहर हार्मोनियमच्या खोलीत एकटा उभा राहिला. आत धूळ, उंदरांचा वास, भाता फाटलेल्या तीन पेट्या. आयुष्यभर तो माणसांना वरून पाहत आला होता. त्या माडीवरून, या व्यासपीठावरून. आता त्याला प्रथमच असं झालं की, वर कुठे पायच टेकत नव्हता. मारोतरावाने त्याला क्षमासुद्धा केली नव्हती, कारण त्याने काही केलंय असं त्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या ध्यानात सगळं आलं होतं, आणि तिने त्याला बापाच्या समाधानासाठी वापरून बाजूला ठेवलं होतं. खरा व्यवहार तिने केला. अशा वेळीही आपल्याला वाक्य सुचतं, याचाच त्याला वीट आला.

साडेचारला समारोप होता आणि निमंत्रक म्हणून आभार त्याने मानायचे होते. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. उरलेली मंडळी प्रमाणपत्रासाठी थांबली होती, मांडीवर पिशव्या घेऊन. त्याने खिशातली आभारांची यादी काढली आणि तशीच परत ठेवली. “मी सकाळी वाचलेला निबंध माझा नाही,” तो म्हणाला. “ती पाहणी बी. ए. तृतीय वर्षाच्या वैष्णवीने केली. सगळी तिने केली. मी तिला नापास केलं आणि ती पानं माझ्या नावाने वाचली.” मागच्या रांगेत कुणीतरी प्रमाणपत्रावरचं आपलं नाव तपासत होतं. पुढच्या रांगेत टाळी वाजली, मग सगळीकडे वाजली, आभाराला वाजते तशीच. “ऐकलं का तुम्ही?” तो माईकजवळ सरकून जवळजवळ ओरडला. “मी चोरी केली आहे!”

विद्यापीठाचे गृहस्थ शेजाऱ्याकडे पाहून हसले. प्राचार्य लगबगीने उठले, एका हाताने त्यांनी त्याच्या दंडाला घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने माईक आपल्याकडे वळवला. “बघा,” ते म्हणाले, “हा आमच्या पांढरीपांडे सरांचा विनय! विद्यार्थिनीने नुसते आकडे गोळा केले, तरी सगळं श्रेय तिला देऊन स्वतः चोर म्हणवून घ्यायला तयार. असे गुरू आज कुठे आहेत? या अभ्यासक्रमाला मुदतवाढ का द्यावी, याचं दुसरं उत्तर आम्ही काय देणार?” या वेळी टाळ्या खऱ्या पडल्या. प्रमाणपत्रं मांडीवर ठेवून लोकांनी त्या वाजवल्या, आभाबाईंनी डोळे पुसले. शंकरसिंग कुठूनशी शाल घेऊन आला आणि ती त्याच्या खांद्यांवर पडली. नवी, टोचणारी, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी. “नाही,” नरहर म्हणाला, पण माईक आता त्याच्याकडे नव्हता. समोर इतके हसरे, कृतज्ञ, थकलेले चेहरे होते की त्यांच्यावर थुंकावं असं त्याला वाटलं. तोंड कोरडं पडलं होतं. नाही, असं तो आणखी एकदा म्हणणार होता. तेवढ्यात फोटोवाला “सर, इकडे” म्हणाला, आणि त्याचे हात आपोआप छातीशी जोडले गेले.